पिकअप भरणारे हात
इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाचा एक दुर्लक्षित इतिहास

१९८९ च्या उन्हाळ्यात सांगलीला माझ्या मामांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात एक इलेक्ट्रिक गिटार आली. तोवर तिथे शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर आणि लग्नसराईत बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर एवढाच माल येत असे. गिटार एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाची होती. जपानी बनावटीची, बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणा गोवेकराने परदेशातून आणलेली आणि दोन-तीन हात बदलून त्याच्याकडे आलेली. तिच्या तीन पिकअपांपैकी एक मुका झाला होता. वादक म्हणाला, "मामा, आत कॉइल असते म्हणतात. मोटार भरता तशी ही भरून द्या."

मामांनी मीटर लावला. कॉइल आतून तुटली होती. शेतीपंपांचा हंगाम असल्याने त्यांना वेळ नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आले. दुकानातली सगळ्यांत बारीक तारही त्या तारेपुढे दोरखंड वाटत होती. शेवटी एका जुन्या रिलेतून तार सोडवून घेतली आणि हाताने फिरवायच्या ड्रिलला पिकअपची फिरकी बांधून वेढे द्यायला बसलो. तीन दिवसांत तार किती वेळा तुटली त्याची गणती नाही. वेढेही मोजले नाहीत. फिरकी भरली तेव्हा थांबलो. पिकअप बोलू लागला, पण बाकीच्या दोघांपेक्षा जाड आणि मवाळ आवाजात. वादकाने दोन-तीन गाणी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "हा वेगळाच बोलतोय. पण राहू द्या, संथ गाण्यांना बरा आहे."

मूळ कॉइलची तार मी कापून भंगाराच्या डब्यात टाकली होती. तिच्याभोवती पिवळी पडलेली एक पट्टी होती, तीही गेली. त्या पट्टीवर काही लिहिले होते का, ते मी पाहिले नाही. ही गोष्ट पुढे मला फार लागली. का, ते लेखाच्या ओघात येईल.

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास सहसा वादकांच्या नावाने सांगितला जातो, फार तर कंपन्यांच्या नावाने. गेली पंचवीस वर्षे जमेल तशी पुस्तके, पेटंटची कागदपत्रे आणि उघडलेल्या गिटारी पाहताना माझे मत असे झाले आहे, की या वाद्याचा आवाज घडवण्यात आणखी दोन गटांचा वाटा तितकाच मोठा आहे. एक, कारखान्यात बसून तार गुंडाळणारे कामगार. दुसरे, नंतर गिटार उघडून आतले पिकअप आणि जोडण्या बदलणारे दुरुस्तीवाले. यांची नावे गिटारवर छापलेली नसतात.

तवा आणि नाल

मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. आपला सायकलचा डायनॅमो त्याच तत्त्वावर चालतो आणि गिटारचा पिकअपही. चुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची कॉइल आणि वर ताणलेली पोलादी तार. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये त्याच लयीत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती ॲम्प्लिफायरने मोठी करायची. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो पोलादाची हालचाल टिपतो. नायलॉनची तार लावलेल्या गिटारवर तो मुका राहतो, ते यामुळेच.

हे तत्त्व माहीत असूनही गिटारवर ते यशस्वी व्हायला शंभर वर्षे लागली. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा वादक हवाइयन गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ही गिटार तेव्हा अमेरिकेत फार लोकप्रिय होती, पण वाद्यवृंदात तिचा आवाज बुडून जाई. बीचमने घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक घेतले, त्यांच्या कमानीतून तारा नेल्या आणि खाली कॉइल बसवली. १९३१ मध्ये लाकडाचा नमुना तयार झाला. पुढच्या वर्षी ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीने ओतीव ॲल्युमिनियमची गिटार बाजारात आली. गोल अंग आणि लांब दांडी, म्हणून लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हणजे तळणीचा तवा असे नाव ठेवले.

पेटंट कार्यालयाला हे वाद्य आहे की विजेचे उपकरण, असा प्रश्न पडला होता. हे खरोखर वाजते हे पटवण्यासाठी सोल हूपीई या नामांकित हवाइयन वादकासह काही वादकांना वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांपुढे गिटार वाजवून दाखवावी लागली, अशी हकीकत सांगितली जाते. पेटंट मिळाले ते १० ऑगस्ट १९३७ ला. तोवर इतर कंपन्यांनी आपापले पिकअप बाजारात आणले होते. गिब्सनची ईएस-१५० ही गिटार १९३६ चीच. चार्ली ख्रिश्चन या तरुण जॅझ वादकाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या संचात तिच्यावर सलग एकल वादन करून दाखवले आणि ताल धरणारी गिटार ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीला येऊन बसली. १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्या पिकअपला आजही लोक त्याच्याच नावाने ओळखतात.

हवाइयन गिटारशी आपलाही संबंध आहे. व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक हवाइयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून एचएमव्हीच्या तबकड्यांवरून घरोघर पोहोचल्या. आमच्या आधीच्या पिढीला गिटार म्हटले की हाच सरकता स्वर आठवतो.

गुणगुण

या पिकअपांत एक खोड होती. कॉइल तारेची हालचाल टिपते, तशीच आसपासच्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबलाइट यांचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, म्हणून स्पीकरमधून ५० हर्ट्‌झची आणि तिच्या पटींची गुणगुण येते. अमेरिकेत हीच गुणगुण ६० हर्ट्‌झची असते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर आपल्याकडची गुणगुण म्हणजे अतिखर्जातली, किंचित चढी पांढरी पाच. त्या स्वरात गाणाऱ्याला ती तानपुऱ्यासारखी साथ करील, इतरांना मात्र रात्रभर छळेल.

एका कॉइलच्या पिकअपांना ही गुणगुण जडलेलीच होती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकांचे दुरुस्तीला येणारे सामान पाहून काय बिघडते आणि काय लवकर बदलता यायला हवे, हे तो शिकला. १९५० मध्ये त्याने भरीव लाकडाची गिटार आणली, ती पुढे टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये तीन पिकअपांची स्ट्रॅटोकास्टर आली. दोन्हींची मान चार स्क्रू काढले की सुटते. स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप, स्विच आणि बटणे सगळी प्लॅस्टिकच्या एकाच पट्टीवर बसवलेली. स्क्रू काढून पट्टी उलटली की आतली सगळी वायरिंग हातात येते. पुढे जगभर लोकांनी या गिटारीत इतके बदल केले, त्याचे एक कारण हे, की ती एका दुरुस्तीवाल्याने रचली होती.

गुणगुणीवर उपाय शोधला तो गिब्सन कंपनीत, मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी, सेथ लव्हर या माणसाने. तोही रेडिओच्या कामातून आलेला. ॲम्प्लिफायरमधल्या चोकची गुणगुण मारण्यासाठी वापरलेली युक्ती त्याने गिटारला लावली. शेजारी शेजारी दोन कॉइली ठेवायच्या. दुसरी अशी जोडायची, की बाहेरून आलेली गुणगुण दोघींत एकमेकींच्या उलट उमटेल आणि बेरजेत जवळपास शून्य होईल. पण दोघींचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवायचे, म्हणजे तारेचा संदेश दोनदा उलटून पुन्हा सुलटा होतो आणि त्याची मात्र बेरीज होते. शाळेत शिकलेल्या 'उणे गुणिले उणे बरोबर अधिक' या नियमाचा याहून सुंदर उपयोग मी पाहिलेला नाही. या पिकअपला हंबकर म्हणतात. लव्हरने २२ जून १९५५ ला पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळाले २८ जुलै १९५९ ला. त्याच सुमारास रे बट्स हा दुरुस्तीच्याच धंद्यातला माणूस स्वतंत्रपणे त्याच उपायाशी पोहोचला आणि त्याचा पिकअप ग्रेश कंपनीने वापरला.

दरम्यान १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींत हे पिकअप बसू लागले होते. त्यांच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची छोटी काळी चिठ्ठी चिकटवत. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पिकअपांना पीएएफ हे नाव पडले. पेटंट मिळाल्यावरही काही काळ जुन्याच चिठ्ठ्या लागत राहिल्या. मग क्रमांकाची चिठ्ठी आली, पण त्यावर छापलेला क्रमांक पिकअपच्या पेटंटचा नव्हताच. तो होता लेस पॉल यांनी तारा अडकवण्यासाठी केलेल्या धातूच्या भागाच्या पेटंटचा. ही चूक नजरचुकीने झाली की नकलाकारांना चकवण्यासाठी मुद्दाम केली, यावर आजही वाद चालतो.

वेढे कोणी दिले?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपवर साधारण आठ हजार वेढे असतात. तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे आपल्या दुकानांतल्या एसडब्ल्यूजी मापात जवळजवळ ४६ नंबर. डोक्याच्या केसाइतकी, कधी त्याहूनही बारीक. एका पिकअपमध्ये अशी सुमारे एक किलोमीटर तार मावते. फिरकी यंत्रावर फिरते, पण तार फिरकीवर कुठे पडावी हे त्या काळी फेंडरच्या कारखान्यात कामगाराचे बोट ठरवत असे. बोटाचा दाब वाढला की तार ताणून तुटते, कमी झाला की वेढे सैल बसतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून समांतर न पडता थोडा इकडे, थोडा तिकडे पडतो. अशा विस्कळीत वेढ्यांत तारेच्या थरांमधली धारिता कमी राहते आणि तार स्वरांत थोडी अधिक खुलते.

हे काम करणाऱ्यांत मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांतल्या अनेक स्त्रिया होत्या. त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव अबिगेल इबारा यांचे. त्या १९५६ मध्ये फेंडरमध्ये लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. इतक्या वर्षांत कंपनीचे मालक बदलले. १९६५ मध्ये लिओ फेंडरने ती सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली, पुढे ती पुन्हा वेगळी झाली. वेढे देणारे हात मात्र तेच राहिले. उत्तरायुष्यात कंपनीच्या खास विभागात त्यांनी गुंडाळलेल्या पिकअपांवर त्यांची सही असे आणि ती सही पाहून लोक जास्त पैसे मोजत. त्यांनी ही विद्या होसेफिना काम्पोस यांना शिकवली. जुन्या फेंडर पिकअपांच्या तळाशी हाताने लिहिलेली तारीख आणि आद्याक्षरे आढळतात. मानेच्या बुंध्यावर पेन्सिलीने लिहिलेली आद्याक्षरे सापडतात, ती मान घडवणाऱ्या तादेओ गोमेस यांची म्हणून ओळखली जातात. कारखान्याने ही अक्षरे इतिहासासाठी लिहून घेतली नव्हती. कामाचा हिशोब राहावा, चूक कोणाची ते कळावे, एवढाच त्यांचा उपयोग. आज संशोधकांच्या हाती कामगारांबद्दल जे थोडे आहे, ते बरेचसे याच हिशोबाच्या खुणांतून आलेले आहे.

हे वाचले तेव्हा मला सांगलीच्या भंगाराच्या डब्यातली ती पिवळी पट्टी आठवली.

गिब्सनच्या पीएएफची गोष्ट आणखी बोलकी आहे. एका कॉइलवर सुमारे पाच हजार वेढे अपेक्षित होते. पण फिरकी भरली की थांबायचे, असा प्रकार बराच चाले. म्हणून कुठे वेढे कमी, कुठे जास्त, आणि एकाच पिकअपच्या दोन कॉइलीही सारख्या नाहीत. मीटर लावला तर कोणी सात हजार ओहम दाखवतो, कोणी नऊ हजार. चुंबक ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे, ज्याला अल्निको म्हणतात. त्याच्या निरनिराळ्या प्रतींपैकी हाताला लागेल ती वापरली जाई. १९५९ च्या सुमारास काळे प्लॅस्टिक कमी पडले तेव्हा काही फिरक्या पांढऱ्या आल्या. वरच्या धातूच्या झाकणामुळे गिऱ्हाइकाला ते दिसतही नव्हते.

१९५८ ते १९६० मध्ये हे पिकअप बसवलेल्या सोनेरी-तांबूस छटेच्या लेस पॉल गिटारी विकल्या गेल्या नाहीत, म्हणून कंपनीने ते रूपच बंद केले. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या संचाबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टनने तशीच एक जुनी गिटार मोठ्या आवाजात वाजवली आणि सगळे चित्र पालटले. १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा बाजारात आणावी लागली. आज त्या जुन्या गिटारी लाखो डॉलरना जातात, नुसती पीएएफची जोडी हजारो डॉलरना. तो आवाज पुन्हा मिळवण्यासाठी कारागीर जुन्या कॉइलींचे वेढे मोजतात, तारेवरच्या एनॅमलची जाडी मोजतात, चुंबकाची प्रत शोधतात. थोडक्यात, घाईत झालेल्या कामाचा अतिशय काटेकोर अभ्यास चालला आहे. पण सगळे पीएएफ सारखे नव्हतेच, तर त्यांतला 'खरा' कोणता? या प्रश्नाला उत्तर नाही. त्या सोमवारी, त्या यंत्रावर, त्या कामगाराच्या बोटाखाली जो झाला तो, एवढेच सांगता येते.

उघडणारे

कारखान्यातून निघालेली गिटार लोकांनी जशीच्या तशी ठेवली नाही. सर्वांत सुरेख उदाहरण स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचचे. तीन पिकअपांसाठी त्याला तीनच जागा होत्या. एका वेळी एकच पिकअप चालावा ही अपेक्षा. वादकांच्या लक्षात आले, की खटका दोन जागांच्या मध्ये अलगद अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि एक पोकळ, घंटेसारखा किणकिणता स्वर येतो. कोणी स्विचच्या पत्र्याला कानस मारून खाच पाडली, कोणी स्प्रिंग सैल केली. बाजारात तयार पाच जागांचे स्विच येऊ लागले. फेंडरने १९७७ मध्ये पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच बसवायला सुरुवात केली. म्हणजे आज ज्याला आपण स्ट्रॅटोकास्टरचा खास आवाज म्हणतो, तो तिच्या कर्त्याने मांडलेला नव्हता. वादकांनी तो खटका अडकवून मिळवला आणि तेवीस वर्षांनी कंपनीने तो मान्य केला.

दुरुस्तीतल्या चुकीतूनही आवाज जन्मतो. इंग्लंडच्या पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये मानेकडच्या पिकअपचा चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप एकदम लावले की त्यांचे संदेश एकमेकांना अर्धवट छेदत आणि नाकात बोलल्यासारखा, पातळ, करुण स्वर येई. गिटार पुढे गॅरी मूरकडे आणि मग कर्क हॅमेटकडे गेली. कोणीही तो चुंबक सुलटा केला नाही. आज जगभरचे दुरुस्तीवाले गिऱ्हाइकांच्या चांगल्या गिटारींत मुद्दाम तो दोष घालून देतात.

सत्तरच्या दशकात या उघडण्याचा धंदा झाला. न्यूयॉर्कमध्ये गिटार दुरुस्ती करणाऱ्या लॅरी डिमार्झिओने १९७२ मध्ये 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकअप आणला. अल्निकोच्या जागी सिरॅमिक चुंबक, वेढे जास्त आणि माप गिब्सनच्या हंबकरएवढेच. लाकूड न कोरता जुना काढून हा बसवायचा. संदेश इतका जोरकस, की ॲम्प्लिफायरचा आवाज पटकन फाटायचा आणि वादकांना तेच हवे होते. सेमूर डंकन हा असाच दुसरा. त्याने लहानपणी तुटलेला पिकअप रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या तबकडीवर भरला होता, असे सांगतात. लंडनमध्ये असताना त्याने जेफ बेकसाठी टेलिकास्टरच्या अंगात गिब्सनचे, स्वतः नव्याने भरलेले हंबकर बसवून दिले. १९७६ मध्ये कॅथी कार्टर डंकन यांच्यासह त्याने सांता बार्बरा येथे कंपनी काढली. सेथ लव्हर आणि त्याची पुढे मैत्री जमली आणि या कंपनीने लव्हरच्या नावाचा पिकअपही काढला.

मग आला एडी व्हॅन हेलन. पन्नास डॉलरना घेतलेले स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराचे अंग, ऐंशी डॉलरची मान आणि आपल्याच एका गिब्सनमधून काढलेला पीएएफ. मोठ्या आवाजात कॉइलचे सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि शिट्टी वाजते. त्यावर त्याने पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला. मोटारीची कॉइल आम्ही वार्निशमध्ये बुडवतो ती याच कारणाने, की वेढे हलू नयेत. फरक एवढाच, की मेण फार तापले तर पिकअपची प्लॅस्टिकची फिरकी वितळते आणि तसे काही पिकअप त्याने वाया घालवले. मूळची तीन पिकअपांची जोडणी पुन्हा कशी करायची ते उमगले नाही म्हणून एक पिकअप आणि एक बटण, एवढेच ठेवले, असे तो सांगे. त्या व्हॉल्यूमच्या बटणावर नाव मात्र 'टोन' होते. १९७८ चा पहिला अल्बम या गिटारवर झाला आणि ऐंशीच्या दशकात जवळपास प्रत्येक कंपनीने पुलाजवळ हंबकर असलेली तशी गिटार बाजारात आणली. स्विचचीच गोष्ट पुन्हा घडली. कारखाना दुरुस्तीच्या टेबलामागून चालला होता.

आतल्या जोडण्या

पिकअप बदलण्याच्या नादात लोक एक गोष्ट विसरतात. पिकअप एकटा बोलत नाही. त्याची कॉइल, तिला जोडलेले व्हॉल्यूम-टोनचे कंट्रोल, कंडेन्सर आणि ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल हे सगळे मिळून एक मंडल होते. कॉइलची प्रेरकता आणि केबलची धारिता यांच्यामुळे काही हजार हर्ट्‌झवर एक उंचवटा तयार होतो. तो उंचवटा कुठे आहे आणि किती टोकदार आहे, यावर गिटारचा 'चेहरा' ठरतो. एका कॉइलच्या पिकअपला साधारणपणे २५० किलोओहमचा कंट्रोल लावतात, हंबकरला ५०० चा. हंबकरला २५० चा लावला तर उंचवटा दबून आवाज मंद होतो. आमच्याकडे येणाऱ्या 'नवा पिकअप घातला पण मजा नाही' अशा तक्रारींत बरेचदा कंट्रोलच चुकीचा निघतो. काही वेळा तर फक्त केबल दहा मीटरची असते. ती तीन मीटरची केली की तार स्वर परत येतात आणि खर्च जवळपास काहीच नाही.

कंडेन्सर टोनच्या बटणाबरोबर तार स्वर जमिनीकडे वळवतो. तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा आहे की ०.०५ चा, याने फरक पडतो. पण मूल्य तेच असेल तर जुना तेल-कागदाचा महागडा आणि रेडिओच्या दुकानातला साधा, यांत माझ्या मीटरला आणि कानांना फरक सापडलेला नाही. याउलट तीच तार कंट्रोलच्या एका टोकावरून काढून दुसऱ्या टोकाला जोडली तर फरक लगेच कळतो. पन्नाशीतल्या गिब्सनमध्ये टोनची जोडणी व्हॉल्यूमच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला असे, नंतर ती आत येणाऱ्या टोकाला गेली. जुन्या पद्धतीत व्हॉल्यूम कमी केला तरी आवाजाची धार टिकते. त्यासाठी नवा भाग लागत नाही. पाच मिनिटांचे सोल्डरिंग पुरते.

अर्थिंगचे मात्र हसण्यावारी नेऊ नये. गिटारच्या तारा पुलामार्फत आतून अर्थच्या तारेला जोडलेल्या असतात. वादकाचे अंग गुणगुण गोळा करते आणि त्याने तारांना हात लावला की ती कमी होते. पण ॲम्प्लिफायर किंवा माइकचे अर्थिंग बिघडलेले असेल तर तीच जोडणी वादकाच्या अंगातून वीज जायला वाट करून देते. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्झी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. आपल्या मंडपांत जनरेटरवर चालणारे कार्यक्रम आणि ओठाला झटका देणारे माइक ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पिकअपवर हजारो रुपये घालण्याआधी मीटर लावून अर्थिंग तपासावे, हा माझ्या दुकानातला पहिला नियम आहे.

मूळ म्हणजे काय?

जुन्या गिटारींच्या बाजारात आज एकही सोल्डर न उघडलेली गिटार सर्वांत मौल्यवान समजली जाते. पिकअप बदलला, नवा स्विच घातला की किंमत पडते. संग्राहकाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. दुसऱ्या बाजूला वादक म्हणतो, वाद्य वाजवण्यासाठी आहे, मला हवे ते मी बदलणार. आणि पाच जागांचा स्विच, मेणातला पिकअप, उलटा चुंबक हे सगळे न उघडलेल्या गिटारीतून कधीच आले नसते.

आमच्या शेजारच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी बनतात. तिथे घोडीची जवारी हे वाद्याचे अर्धे प्राण. जवारी झिजते, पुन्हा काढावी लागते आणि प्रत्येक वेळी कानशीच्या दोन हातांनी तंबोऱ्याचा आवाज बदलतो. तरी तंबोरा तोच राहतो. जवारी कोणी काढली हे वादक आवर्जून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच्याचकडे जातो. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत आपण ही सवय लावून घेतली नाही. बदल करायचा की नाही, यापेक्षा बदल कोणी, कधी आणि काय केला याची नोंद न ठेवणे, हा मला मोठा दोष वाटतो. इबारा यांच्या पिढीतल्या बहुतेक स्त्रियांची नावे याच दोषामुळे गेली. माझ्या हातून १९८९ मध्ये जे गेले तेही.

तेव्हापासून मी एक साधे काम करतो. गिटारमधून काढलेला भाग, मग तो जळका का असेना, पाकिटात घालून मालकाला परत देतो. पाकिटावर तारीख, जुन्या पिकअपचे ओहम, नव्याचे ओहम आणि तळाशी लिहिलेले जे काही दिसेल ते उतरवून ठेवतो. कॉइल मी भरली असेल तर तिच्या पट्टीवर वेढ्यांची संख्या, गाव आणि माझी आद्याक्षरे पेन्सिलीने लिहितो. शाई तेलकट हातांनी पसरते, पेन्सिल टिकते.

मामा आता नाहीत. त्या ऑर्केस्ट्रातला वादक चार-पाच वर्षांपूर्वी भेटला. गिटार त्याने केव्हाच एका मुलाला विकली होती. मी न मोजता भरलेला तो मधला पिकअप अजून चालतो आहे, असे म्हणाला. त्या मुलाचा पत्ता मी घेऊन ठेवला आहे. एकदा जाऊन ती गिटार उघडायची, वेढ्यांना हात लावायचा नाही, आणि वरच्या पट्टीवर 'सांगली, १९८९' एवढे लिहून पुन्हा स्क्रू बसवायचे आहेत.